दुधाने पक्की केलेली चित्रे

हिरामण सुतार माझ्या शाळेत चित्रकला शिकवीत. मी त्या शाळेचा हेडमास्तर होतो. त्यांच्याविषयी लिहावे असे मला अनेकदा वाटले आणि प्रत्येक वेळी दुसरे काही काम निघाले. आता कामे उरलेली नाहीत.

हकीकत स्वराज्यापूर्वीची, शहाद्याची. आमचा मुलूख तेव्हा पश्चिम खानदेशात मोडत असे. हिरामण मास्तर मूळचे कळसाडीचे. वडील गावात सुतारकाम करीत. पलंग, पाळणे आणि देव्हारे यांना लाखेची चकाकी देण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता, असे लोक सांगत. मुलाने रंधा सोडून कोळसा धरला. याखेरीज त्यांचे पूर्वचरित्र मला ठाऊक नाही, आणि मी कधी विचारलेही नाही.

मास्तरांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे कायमची काळी असत. करंगळी मात्र स्वच्छ. दार लोटणे, पुस्तकाचे पान उलटणे, चष्मा वर सरकवणे ही सारी कामे ते करंगळीने करीत. मस्टरवर सही करायला ते आले की आमचा कारकून हमखास अहिराणीत टोकत असे.

"मास्तर, सही कसाले करतस? आंगठाच उठाडा. शाईबी नको."

"आंगठा उठाडसू तर तुन्हा मस्टर काया व्हई जाई," मास्तर शांतपणे सांगत आणि टाक करंगळीच्या आधाराने धरून सुबक सही करीत.

कोळसा ते घरी तयार करीत. पऱ्हाटीच्या सरळ काड्या निवडून, सोलून, पत्र्याच्या डब्यात गच्च बंद करून तो डबा चुलीत ठेवायचा. आमच्या भागात कापूस अमाप. वेचणी झाली की पऱ्हाट्या कोणीही फुकट देई. त्या कोळशाची रेघ मऊ आणि दाट उमटे, पण कागदावर ती नुसती टेकलेली असे. बाही लागली की गेली.

"कोळसा कागदाकडे पाहुणा म्हणून आलेला असतो," मास्तर वर्गात सांगत. "त्याला घरचा करायचा तर काहीतरी खाऊ घालावं लागतं."

काय खाऊ घालावे, याचा त्यांनी जितका विचार केला होता तितका मी गणितातल्या कोणत्याही प्रश्नाचा केला नसेल. चित्रकलेच्या खोलीत दाराजवळ त्यांनी कागदाच्या चार पट्ट्या लावल्या होत्या. चारही पट्ट्यांवर एकच तांब्या, एकाच दिवशी काढलेला. पहिली पट्टी भाताच्या पेजेने पक्की केलेली, दुसरी बाभळीच्या डिंकाच्या पाण्याने, तिसरी साय काढून पातळ केलेल्या दुधाने, चौथी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेने. पट्ट्या वर्षभर तशाच टांगून ठेवल्या होत्या. पेजेची पट्टी आखडली. डिंकाची चकाकू लागली आणि पुढे तिला चिरा पडल्या. दुधाची पट्टी वैशाखापर्यंत सर्वांत देखणी होती. कागदाचा पांढरेपणा आणि कोळशाचा काळेपणा, दोहोंना तिने धक्का लावला नव्हता. श्रावणात तिच्यावर करडी लव आली आणि कडा कसरीच्या किड्यांनी कुरतडल्या. लाखेच्या पट्टीवर मधासारखी किंचित पिवळी झाक चढली. बाकी तांब्या जसाच्या तसा राहिला.

"उन्हाळ्यात दुधासारखं दुसरं काही नाही साहेब," त्यांनी मला त्या पट्ट्या दाखवताना सांगितले. "पावसाळ्यात मात्र त्याला जीव फुटतो."

मी त्या पट्ट्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. हे येथेच नोंदवून ठेवतो.

लाखेने चित्र पक्के करण्याची त्यांची रीत ठरलेली होती. चपडा बारीक कुटून स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा, चार दिवस हलवायचे, मग बाटली न हलवता वरचे नितळ तेवढे काढून घ्यायचे. ते इतके पातळ करायचे की बोटाला चिकटपणा लागता कामा नये. दोन बारीक पितळी नळ्या काटकोनात जोडलेल्या. एकीचे टोक बाटलीत, दुसरीचे तोंडात. कागद भिंतीशी उभा करून मास्तर दोन हातांच्या अंतरावर उभे राहत आणि गाल फुगवून फुंकीत. तुषार कागदावर धुक्यासारखे उतरत. पण पहिली फुंकर ते कागदाच्या बाहेर, कोऱ्या भिंतीवर सोडत, आणि शेवटचीही पलीकडच्या भिंतीवर.

"चित्रावर फुंकर सुरू करायची नाही आणि चित्रावर संपवायची नाही," हे त्यांचे वाक्य शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ होते. नळीतला पहिला आणि शेवटचा थेंब जड असतो. तो चित्रावर पडला की कोळसा ओघळतो. एक हात देऊन झाला की वाळू द्यायचे, मग दुसरा, मग तिसरा. हे काम ते चैत्र-वैशाखातच करीत. दमट हवेत लाख पांढुरकी पडते.

गावातला रंगाचा दुकानदार, एक मारवाडी शेठ, त्यांना स्पिरिट देताना चेष्टा करी. "मास्टरजी, लोग खुद पीते हैं. आप तसवीरों को पिलाते हो!"

"त्यांना चढत नाही शेठजी," मास्तर म्हणत. "उलट जागेवर बसतात."

एकदा चित्रकलेचे इन्स्पेक्टर तपासणीला आले. मास्तरांचे एक कोळशाचे चित्र टेबलावर होते. एक म्हातारा, डोक्याला फडके गुंडाळलेला. साहेबांनी "वा!" म्हणून त्याच्या गालावर बोट ठेवले. गाल बोटाबरोबर निघून आला. मास्तर पुढे झाले, त्यांनी चित्र उचलून पाहिले आणि म्हणाले, "कच्चं होतं साहेब. आता बोट उठवलंच आहे तर खाली सहीही करा." इन्स्पेक्टर हसले, नशीब माझे. जाताना त्यांनी विचारले की अशी चित्रे किती आहेत. मास्तर म्हणाले, बासष्ट. दिवाळीनंतर ती सर्व मुंबईला आणा, एका मोठ्या प्रदर्शनात मांडण्याची व्यवस्था मी करतो, असे त्या गृहस्थांनी माझ्यासमक्ष सांगितले. त्या दिवशी मास्तरांनी करंगळीसुद्धा काळी करून घेतली आणि ते त्यांच्या ध्यानात आले नाही.

ती बासष्ट चित्रे खापरच्या बाजारातली, मागच्या उन्हाळ्यानंतर काढलेली आणि म्हणून अजून कच्ची होती. खापर अक्कलकुव्याच्या पुढे, गुजराथच्या सीमेलगत. डोंगरातली माणसे तेथे बाजाराला उतरतात. मास्तर सुट्टी मिळाली की मोटारीने जात आणि एखाद्या झाडाखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे काढीत. त्याआधीची आपली सारी कामे त्यांनी वाटून टाकली होती; ती शिकण्यातली होती, असे ते म्हणत. ही बासष्ट मात्र त्यांनी जपली. त्यांचा आणखी एक नियम होता. चेहरा काढून झाला तरी चित्र लगेच पक्के करायचे नाही. पुढच्या बाजारी ते त्याच माणसाला दाखवायचे आणि त्याने होकार दिल्यावरच ते पक्के करण्याच्या गठ्ठ्यात ठेवायचे. पक्के झाल्यावर काही बदलता येत नाही, म्हणून.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. एका भिल्ल म्हातारीला त्यांनी तिचे चित्र दाखवले. तिने ते बराच वेळ पाहिले, मग स्वतःच्या हनुवटीवरचे गोंदण बोटाने मोजले आणि चित्रातले मोजले. घरी तिची भाषा वेगळी. पण बाजारात ती आमच्यासारखी अहिराणी बोले.

"एक टिपकं कमी शे," ती म्हणाली.

भोवतालच्या बायका खिदळल्या. मास्तरांनी मान खाली घालून एक ठिपका वाढवला.

"आते?"

"आते मी शे." मग तिने विचारले, "मी मरी गयू तरी हाई ऱ्हाई का?"

"ऱ्हाई ना माय. पक्कं करसू मी."

तिला त्यांनी शब्द दिला. तसाच बाकीच्यांनाही दिला असणार.

आता माझ्याकडे येतो. त्या काळी मी दारूबंदीचे काम करीत असे. शहाद्यात आणि खापरच्या बाजारातही दारूच्या दुकानांसमोर आम्ही उभे राहत असू, गिऱ्हाइकांना हात जोडून परत पाठवत असू. गावात मला मान होता आणि तो मला आवडत असे. फाल्गुनात एके दिवशी शहाद्याच्या दुकानासमोर आम्ही उभे असताना ठेकेदाराचा एक माणूस ओट्यावर चढून ओरडला, "ए हेडमास्तर, आमले काय शिकाडस? तुन्हा शायमा कपाटमा बाटली शे! जाय, पयले ती फोड!"

लोक हसले. माझ्या बरोबरचे दोघेही हसले. मी मान खाली घालून घरी आलो.

त्याच दिवशी मी लेखी हुकूम काढला. शाळेच्या आवारात, घरी किंवा अन्यत्र कोणाही शिक्षकाने कोणत्याही प्रकारचे स्पिरिट ठेवू अगर वापरू नये. शिपायाने हुकूम फिरवला. हिरामण मास्तर कागद हातात घेऊन माझ्या खोलीत आले.

"साहेब, हे पिण्याचं नाही. प्यायलं तर माणूस मरतो."

"मला माहीत आहे."

"मग?"

"लोकांना माहीत नाही."

त्यांनी हुकूम माझ्या टेबलावर ठेवला. "बासष्ट चित्रं पक्की करायची आहेत. याच उन्हाळ्यात. दिवाळीनंतर मुंबईला न्यायची आहेत."

"दूध वापरा. तुम्हीच त्याची तारीफ केली होती."

"उन्हाळ्यापुरती केली होती."

"मग पावसाळ्यात ती कोरडी ठेवा."

त्यांनी हुकमावर सही केली. दुपारी त्यांनी ती बाटली आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारले, "कुठे ओतू?" मी म्हटले, मागच्या अंगणात. त्यांनी ओतली. मी खिडकीतून पाहत होतो.

चैत्रात त्यांनी बासष्ट चित्रे दुधाने पक्की केली. त्याच पितळी नळ्या, तेच दोन हातांचे अंतर, तीच भिंतीवरची पहिली फुंकर. कामात कसर ठेवली नाही. वाळल्यावर चित्रे सुंदर दिसत होती. मी ती पाहून समाधान व्यक्त केले. मला वाटते, मी "पाहा, झाले ना काम," असेही म्हणालो.

वैशाखात माझी आई अंथरुणाला खिळली. आमचे घराणे धुळ्याकडचे. आई अहिराणीच बोले. मास्तरांवर तिचा जीव होता, कारण घरी येऊन तिच्याशी तिच्या बोलीत गप्पा मारणारा शिकलेला माणूस तोच एक होता. एका सकाळी ते कागद घेऊन आले आणि तिच्या खाटेशी बसले.

"हिरामण, मन्हं नाक काढू नको रे. मोठं शे."

"माय, नाक सोडीसन काढं तर वयखू कोन येई?"

"मंग वयख ऱ्हाऊ दे. नाक बारीक कर."

दोघे हसले. मी बाहेरच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत होतो. चित्र झाल्यावर आईने ते हातात घेऊन पाहिले आणि मला हाक मारून दाखवले. नाक होते तेवढेच होते. तिने तक्रार केली नाही. मास्तर चित्र घेऊन गेले आणि आठ-दहा दिवसांनी चौकटीत बसवून आणून दिले. आषाढात आई गेली.

त्या वर्षी पाऊस सोडता सुटेना. मास्तरांनी चित्रे कडुनिंबाच्या पाल्यात, ट्रंकेत, माळ्यावर, जमेल तशी सांभाळली. भाद्रपदात ते दोन दिवस शाळेत आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीवर गेलो. त्यांनी चित्रे जमिनीवर ओळीने पसरून ठेवली होती. काहींवर बुरशीचे करडे चट्टे, काही एकमेकांना चिकटून फाटलेली. कसरीने आणि झुरळांनी दूध जेथे दाट बसले होते तेवढेच खाल्ले होते. आणि दाट दूध चेहऱ्यांवर होते; कडांना फुंकर नुसती चाटून गेली होती. मोकळा कागद तसाच होता, माणसे गेली होती. गोंदण मोजणाऱ्या म्हातारीचे अर्धे कपाळ शिल्लक होते.

मास्तर मोरीपाशी हात धूत होते. बोटे घासून घासून जवळजवळ पांढरी झाली होती. मला पाहून ते म्हणाले, "या साहेब. बसायला जागा नाही. जरा थांबा, सरकवतो." आणि ते कागद गोळा करू लागले.

मी म्हणालो, "यंदा पाऊस फार झाला."

ते म्हणाले, "हो. पाऊस फार."

त्या दोन वाक्यांनंतर मी परत आलो. मुंबईचे प्रदर्शन त्यांच्याशिवाय झाले. इन्स्पेक्टरांना मी पत्र लिहिले, त्यात चित्रे पावसाने खराब झाल्याचे कळवले. हुकमाचा उल्लेख केला नाही.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, थंडीत, आईच्या चौकटीवरची धूळ पुसताना माझ्या लक्षात आले की ज्या भिंतीवर ती होती त्या भिंतीला पावसाळाभर ओल होती. चौकटीचे लाकूड फुगले होते. चित्राला काही झाले नव्हते. मी चौकट उघडून चित्र उन्हात धरले. कागदावर मधासारखी पिवळी झाक होती.

मी मास्तरांना बोलावून घेतले.

"आईच्या चित्राला तुम्ही काय वापरले?"

त्यांनी ताबडतोब सांगितले, "लाख."

"कोठे?"

"कळसाडीला. बापाच्या पडवीत. त्याच्याकडे स्पिरिट असतं." मग म्हणाले, "हुकूम मोडला. सही केली होती तरी मोडला. काय शिक्षा करायची ती करा."

"मग तुमची बासष्ट चित्रेही तेथेच का पक्की केली नाहीत?"

"ती माझी होती साहेब. माझ्या चित्रांपुरता तुमचा हुकूम पाळणं मला जमत होतं. माय तुमची होती. आणि ती दुसऱ्यांदा बसणार नव्हती."

"खापरची माणसे?"

"बाजार तर भरतोच आहे. सापडतील तेवढी पुन्हा काढीन."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला उत्तर देता आले असते. खोलीत आम्ही दोघेच होतो. चूक झाली एवढे दोन शब्द उच्चारायला काही अडचण नव्हती. मी म्हणालो, "ठीक आहे. जा तुम्ही." ते गेले.

हुकूम मी मागे घेतला नाही. मागे घेतला असता तर तो का काढला होता हे लोकांनी विचारले असते. पुढच्या उन्हाळ्यात मास्तरांनी राजीनामा दिला. कारण लिहिले होते, दृष्टी मंद झाली. तेही खोटे नव्हते. खापरला त्यांचा पुतण्या सुतारकामाचे दुकान चालवीत असे. ते त्याच्याकडे राहायला गेले.

वर्षभराने, चैत्रात, मी खापरला गेलो. जाण्यापूर्वी मारवाडी शेठच्या दुकानातून स्पिरिटची एक बाटली विकत घेतली. शेठने माझ्याकडे पाहिले, पण चेष्टा केली नाही. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून मी कापडी पिशवीत ठेवली. मास्तरांच्या हातात ती द्यायची आणि जे बोलायचे ते बोलायचे, असे मी मोटारीत पक्के ठरवले होते.

बाजार ऐन भरात होता. मास्तर एका चिंचेखाली बसलेले मला लांबूनच दिसले. केस पांढरे झाले होते. कागद डोळ्यांच्या फार जवळ धरून ते काढीत होते. समोर एक तरुण बसला होता. त्याची आई गेली होती, असे शेजारचा भाजीवाला मला म्हणाला, आणि मास्तर आता मुलाच्या तोंडावरून आईचे तोंड आठवून काढीत आहेत. "तिन्हं पयलं चित्र खराब व्हई गयं म्हने," त्याने माहिती पुरवली.

मी पाऊल उचलले, तोच कोणीतरी हाक मारली, "राम राम, हेडमास्तर साहेब! आज परत दुकानसमोर उभं ऱ्हातस का?" दारूबंदीच्या वेळचा एक ओळखीचा शेतकरी होता. त्याच्याबरोबर आणखी तिघे-चौघे. ते माझ्याभोवती जमले. पिशवीतल्या बाटलीचा आकार बाहेरून दिसत होता. मी पिशवी पाठीमागे धरली. माणसे पांगली की जाऊ, असे मनाशी म्हटले. माणसे पांगेनात. मी त्यांच्याशी पावसापाण्याच्या गोष्टी करीत राहिलो.

तेवढ्यात मास्तर उठले. चित्र पुरे झाले होते. पुतण्याचे दुकान बाजाराच्या पलीकडच्या टोकाला, आणि मधे ही गर्दी. त्यांनी तो कागद दोन्ही तळहातांवर आडवा घेतला, भरलेले ताट न्यावे तसा, आणि त्यावरून नजर न हलवता ते चालू लागले. "सरका भाऊ, सरका. धक्का नका मारू. कच्चं शे." टोपल्या घेतलेल्या बायका बाजूला झाल्या, बकऱ्या ओढून घेतल्या गेल्या. तो तरुण मागून दोन्ही हात पसरून त्यांना आडोसा करीत येत होता. ते आमच्या दिशेने आले, माझ्यापासून दोन हातांवर. मी त्यांना दिसलो नाही; त्यांना कागदाखेरीज काही दिसत नव्हते.

"सरका भाऊ," ते म्हणाले.

मी पिशवी छातीशी धरली आणि इतरांसारखा बाजूला झालो.